टोलबूथला मराठीत काय म्हणायचं?

भाषांतर करायला बसलं की मोठमोठे शब्द सहसा त्रास देत नाहीत, साधे दिसणारेच अडवून ठेवतात. सर वॉल्टर स्कॉटची ‘द हार्ट ऑफ मिडलोथियन’ (१८१८) ही कादंबरी वाचताना मला ‘टोलबूथ’ या शब्दाने असंच अडवलं. टोलबूथ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हायवे येतो, फास्टॅग आणि गाड्यांची रांग येते. स्कॉटचा टोलबूथ निराळाच आहे. तो एडिनबराच्या भर वस्तीत उभा होता. गावात येणाऱ्या मालावरचा कर गोळा करायची जागा म्हणून ‘टोल’. पण त्याच इमारतीत गावचा कारभार चाले, न्यायनिवाडा होई आणि तुरुंगही तिथेच होता. कादंबरीच्या नावातलं ‘हार्ट’ म्हणजे हाच तुरुंग. १८१७ मध्ये तो पाडला. आज त्या जागी रस्त्यावर रंगीत दगडांत हृदयाचा आकार बसवलाय आणि येणारे-जाणारे त्याच्यावर थुंकतात!

मग याला मराठीत काय म्हणायचं? ‘जकातनाका’ म्हटलं तर तुरुंग सुटतो, ‘तुरुंग’ म्हटलं तर बाजार सुटतो, आणि ‘कचेरी’ म्हटलं तर दोन्ही सुटतात. बराच विचार केल्यावर लक्षात आलं की सगळ्यांत जवळचा शब्द आपल्याच गावात आहे, आणि आपण त्याच्याखालून रोज स्कूटर काढतो. मांडवी!

मांडवी म्हणजे जकात घेण्याचं ठाणं. म्हणूनच ही नावं गावोगाव सापडतात. मुंबईत मस्जिद बंदराजवळ मांडवी आहे, कच्छात मांडवी बंदर आहे, सुरत जिल्ह्यात तापीकाठी मांडवी गाव आहे. जिथे माल उतरतो आणि कर भरतो, तिथे मांडवी. आपल्या बडोद्यात ती गावाच्या मधोमध आहे. वडोदऱ्याला आपण ‘संस्कारनगरी’ म्हणतो, सयाजीरावांची राजधानी म्हणतो. हे खरंच आहे. पण त्याच्या आधीपासून आणि त्याच्या सोबतीने हे एक बाजाराचं गाव आहे. या लेखात मला तेवढंच समजावून सांगायचंय, कारण आपण बोलतो ती बडोद्याची मराठी त्या बाजाराशिवाय नीट कळत नाही.

स्कॉटलंडचा बर्ग आणि आपला कसबा

बाराव्या शतकात पहिला डेव्हिड या राजाने स्कॉटलंडमध्ये ‘बर्ग’ नावाची गावं वसवायला सुरुवात केली. बर्ग म्हणजे ज्या गावाला राजाच्या सनदेने बाजार भरवण्याचा हक्क मिळाला ते गाव. आसपासच्या मुलखातली लोकर, चामडं, धान्य, जनावरं तिथे यायची, विकली जायची आणि त्यावर कर बसायचा. अशा गावाच्या तीन खुणा ठरलेल्या. एक, चौकातला दगडी खांब, त्याला ‘मर्कॅट क्रॉस’ म्हणत. नाव क्रूसाचं, पण काम बाजाराचं. राजाची फर्मानं तिथे वाचून दाखवत, सौदे तिथे होत. दुसरी खूण टोलबूथ. आणि तिसरी ‘ट्रॉन’, म्हणजे सगळ्या गावाचा एक सार्वजनिक तराजू, जिथे वजनात कोणी कोणाला फसवू नये म्हणून माल तोलला जाई. ग्लासगोत ट्रॉनगेट नावाचा रस्ता अजूनही आहे.

आपल्याकडे अशा गावाला शब्द होता ‘कसबा’. जुन्या कागदपत्रांत गावांची नावं ‘मौजे अमुक’ किंवा ‘कसबे तमुक’ अशी येतात. मौजे म्हणजे शेतीचं खेडं. कसबा म्हणजे परगण्याचं मुख्य गाव, जिथे पेठ आहे, कारागीर आहेत, सरकारी ठाणं आहे. पुण्याच्या कसबा पेठेत हा शब्द जिवंत राहिलाय. बर्ग आणि कसबा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोघांचं गणित एकच. शेतकऱ्याला विकायला जागा पाहिजे, व्यापाऱ्याला भरवसा पाहिजे आणि राजाला कर पाहिजे. ही तिन्ही कामं जिथे एकत्र येतात तिथे गाव मोठं होतं.

चार दरवाजे आणि मधली मांडवी

वडोदऱ्याचा जुना लेखी पुरावा म्हणजे इसवी सन ८१२ च्या सुमाराचा राष्ट्रकूटांचा ताम्रपट. त्यात ‘वटपद्रक’ गाव दान दिल्याची नोंद आहे. तेव्हा मोठी वस्ती होती ती विश्वामित्रीच्या पलीकडे अंकोट्टकला, म्हणजे आजच्या अकोट्याला. तिथल्या जैन कांस्यमूर्ती प्रसिद्ध आहेत. वडाच्या झाडांचं हे छोटं गाव मोठं झालं ते जागेमुळे. अहमदाबादहून सुरतेला जाणारी वाट इथून जाते. खंबायत आणि भरूचची बंदरं जवळ. पूर्वेला चांपानेरवरून माळव्याचा रस्ता. दक्षिणेला कानम प्रांताची काळी, कापसाची जमीन. चारी बाजूंनी माल येणार अशी ही जागा.

सोळाव्या शतकात, गुजरातच्या सुलतानांच्या काळात, इथे कोट बांधून गाव आखलं गेलं. ती आखणी आजही पायी फिरून बघता येते. उत्तरेला चांपानेर दरवाजा, पूर्वेला पाणीगेट, दक्षिणेला गेंडीगेट आणि पश्चिमेला लहेरीपुरा. चारी दरवाज्यांतून सरळ रस्ते निघतात आणि मधोमध भेटतात. त्या भेटीच्या जागी मांडवीचा चौकोनी मंडप आहे, प्रत्येक बाजूला तीन कमानी. माल कुठूनही आत आला तरी वाट मांडवीवरूनच. वेगळा पहारा ठेवायची गरज नाही, गावाची आखणीच पहारा करते. कोटाच्या भिंती गेल्या, दरवाजे आणि मांडवी उरली.

जकात मात्र फार उशिरापर्यंत टिकली. गुजरातमधल्या महानगरपालिकांची जकात २००७ मध्ये बंद झाली. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकजण चालायला शिकत होतो तेव्हा! म्हणून अजूनही रिक्षावाल्याला ‘जुना ऑक्ट्रॉय नाका’ म्हटलं की तो बरोबर नेतो. नाका नाही, जकात नाही, नुसतं नाव आहे.

मराठी राजा, गुजराती सावकार

दमाजीराव गायकवाडांनी १७३४ मध्ये बडोदा घेतलं ते कायमचं. त्यांच्याबरोबर मराठी कुटुंबं आली: शिलेदार, कारकून, पुरोहित, स्वयंपाकी. वाडे उठले. पण वाड्यातल्या माणसाला मीठ-मिरची, कापड, तूप, घोड्याचा चारा कुठून आणायचा? बाजारातून. आणि बाजार आधीपासून गुजराती होता.

हे नातं फक्त मीठ-मिरचीचं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गायकवाडांचं सैन्य मोठ्या प्रमाणात अरब शिपायांचं होतं आणि त्यांचा पगार थकला होता. १८०२ मध्ये त्या शिपायांनी शहर धरून ठेवलं, ब्रिटिश फौजेने वेढा घातला, आणि शेवटी थकबाकी चुकवायला पैसा उभा करावा लागला. तो दिला सावकारांनी. हरिभक्ती, सामळ बेचर, मैराळ ही त्या वेळची मोठी नावं. त्यांतले मैराळ मराठी, बाकीचे गुजराती. दरबार पेढीचा देणेकरी होता. अशा गावात राजाची भाषा वर आणि बाजाराची भाषा खाली असं राहत नाही. देणेकऱ्याला सावकाराची भाषा यावीच लागते, आणि सावकारालाही देणेकऱ्याची.

पुढे रेल्वे आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला आणि आपल्या कापसाचा भाव चढला, त्याच काळात, १८६२ मध्ये, खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम ही अरुंद रुळांची रेल्वे सुरू केली. सुरुवातीला डबे ओढायला चक्क बैल होते! लगेच पुढच्या वर्षी इंजिन आलं ते नीलसन कंपनीचं, ग्लासगोचं. पण रूळ हलके होते, त्यामुळे इंजिनांचा नियमित वापर १८७३ पासून झाला. ट्रॉनगेटच्या गावात बनलेलं इंजिन कानमचा कापूस ओढायला आलं, हे वाचून मला फार गंमत वाटली.

बाजाराची इमारत आणि न्यायाची

सयाजीराव महाराजांच्या काळातली एक गोष्ट टोलबूथच्या संदर्भात सांगितलीच पाहिजे. लहेरीपुऱ्याबाहेरची न्यायमंदिराची भव्य इमारत १८९६ ची. ती मुळात बाजार म्हणून बांधली गेली होती. नंतर तिथे न्यायालय आलं आणि नाव झालं न्यायमंदिर. भाजी विकण्यासाठी बांधलेल्या सभागृहात शंभर वर्षांहून जास्त काळ खटले चालले. २०१८ मध्ये न्यायालयं दिवाळीपुऱ्याला हलली. एडिनबराला एकाच छपराखाली कर, कारभार आणि न्याय होता. आपल्याकडे बाजाराने आपलं छप्पर न्यायाला देऊन टाकलं.

मग बाजाराचं काय? महाराजांच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाली त्या निमित्ताने खंडेराव मार्केट उभं राहिलं. त्याचा दर्शनी भाग बघा, घुमट आणि सज्जे बघून कोणालाही राजवाडा वाटेल. आत महानगरपालिकेची कार्यालयं आणि मागच्या अंगाला भाजी, फळं, फुलं. कारभार पुढे, कोथिंबीर मागे! स्कॉटला हे दृश्य ओळखीचं वाटलं असतं.

बडोद्यात अशा जागा जागोजागी आहेत. फतेपुऱ्याचा हाथीखाना हा आज धान्याचा घाऊक बाजार आहे, जिथे सरकारी हत्ती बांधले जायचे तिथे गव्हाची पोती आहेत. तिथला भाव अजून ‘मणा’चा असतो, आणि मण म्हणजे वीस किलो. किलोग्रॅम येऊन साठ वर्षं झाली तरी मणाने जागा सोडलेली नाही. बँक ऑफ बडोदाही १९०८ मध्ये मांडवीतल्याच एका इमारतीत सुरू झाली. पैसा जिथे आधीपासून मोजला जात होता तिथेच नवी बँक आली, यात नवल नाही.

आजीची रिंगणं

आता आपल्या विषयाकडे, भाषेकडे. माझे आजोबा रेल्वेत होते. ते लग्न करून आजीला वसईहून इथे घेऊन आले तेव्हा तिला गुजरातीचा एक शब्द येत नव्हता. तिची शाळा खंडेराव मार्केट. ती वांग्याला ‘रिंगणं’ म्हणते, बटाट्याला ‘बटाके’, ते उकडत नाही तर ‘बाफते’, कुलूप न लावता ‘ताळं’ लावते आणि संध्याकाळी ‘ओटल्या’वर बसते. वसईचे नातेवाईक आले की हसतात, “तुमची मराठी बिघडली हो पार!” आजी काही बोलत नाही, पण त्या दिवशी ती जरा जपून बोलते.

हे मला पटत नाही. बिघडली म्हणजे काय? ज्या शब्दावाचून रोजची भाजी मिळत नाही तो शब्द माणूस घेणारच. आणि हे घेणं एकतर्फी नाही. शेव-उसळ हे बडोद्याचं खाणं बघा. शेव त्यांची, उसळ आपली, आणि गाडीवर उभं राहून खाणाऱ्याला याचा हिशोब नको असतो. आपला चिवडा इथे ‘लीलो चेवडो’ झाला. पहिल्या विक्रीला आपण ‘भवानी’ म्हणतो, गुजरातीत ‘बोणी’ म्हणतात. आजी सकाळी लवकर गोंड्याचा भाव करायला लागली की फुलवाला म्हणतो, “बोणीनो टाइम छे मासी, लई जाओ ने.” आजी मराठीत उत्तर देते, “भवानी आहे म्हणून तर कमी लाव बाबा!” दोघं आपापल्या भाषेत बोलतात, दोघांना सगळं कळतं आणि सौदा होतो.

त्या फुलांचंही एक वर्ष असतं. दसरा-दिवाळीला गोंडा महाग. दोन नोव्हेंबरला आम्हाला मृतांच्या स्मरणदिनी कबरींवर वाहायला फुलं लागतात, तेव्हा दिवाळी कधी आली त्यावर आमचा खर्च ठरतो. एकाच टोपलीतला गोंडा विठ्ठलमंदिरात जातो, दर्ग्यावर जातो आणि मे महिन्यात पवित्र मरियेच्या वेदीवरही जातो. दिवाळीत न खपलेला चांदणीचा आकाशकंदील डिसेंबरात नाताळचा तारा म्हणून विकला जातो. दुकानदार एक, माल एक, नाव दोन!

आपल्या राजानेही भाषांचा हा शेजार ओळखला होता. १९३१ मध्ये बडोदा सरकारने ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा कोश काढला. एकेका कारभारी शब्दासाठी आठ भाषांतले पर्याय शेजारी शेजारी मांडले. दरबारात ते काम कागदावर झालं. बाजारात ते आधीच तोंडी चाललं होतं.

बाजाराला न जमलेलं

इथे थांबलो तर चित्र फार गोड होईल. म्हणून एक गोष्ट सांगणं भाग आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सप्टेंबर १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यात आले. या गावात त्यांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून ते पारशी विश्रामगृहात राहिले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून काढलं. त्यांनी कमाटीबागेत झाडाखाली बसून दिवस काढला, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

आपल्या गावात मांडवी होती, पेढ्या होत्या, सक्तीचं शिक्षण होतं, वाचनालय होतं. सगळ्यांचा रुपया चालत होता. पण रुपया चालला म्हणून माणूस चालेल असं नव्हतं. बाजार शेजारी उभं राहायला शिकवतो, शेजारी राहायला देतोच असं नाही. बडोद्याच्या मिळून-मिसळून राहण्याचं कौतुक करताना हे विसरलं तर ते कौतुक अर्धवट आहे. आजही भाड्याने खोली शोधणाऱ्या आपल्या कॉलेजच्या मुलांना आडनाव आणि जेवण विचारलं जातं, हे आपल्याला माहीत आहे.

आता काय करायचं?

बडोद्यात चार मराठी साहित्य संमेलनं झाली: १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८. तिसऱ्या आणि चौथ्यात चौऱ्याऐंशी वर्षांचं अंतर आहे. मधल्या काळात संस्थान गेलं, राजकवी गेले, मराठी शाळांतली मुलं कमी झाली. तरी मराठी टिकली ती कुठे? माझ्या मते घरात, देवळात, चर्चमध्ये आणि बाजारात. आता त्यातला बाजार सुटतोय. आमच्या घरी निम्मी भाजी फोनवरून येते. ती दहा मिनिटांत येते, पण तिच्याशी बोलायला लागत नाही. ॲपवर वांगं ना ‘वांगं’ असतं ना ‘रिंगण’, ते ‘ब्रिंजल’ असतं. आजीचे गुडघे आता तिला मार्केटपर्यंत नेत नाहीत, त्यामुळे तिला ॲपबद्दल तक्रार नाही. मला मात्र वाटतं की तिच्या तोंडातले ते शब्द कोणी लिहून ठेवलेले नाहीत. प्रमाण मराठीच्या कोशात ते ‘गुजराती’ म्हणून येणार नाहीत आणि गुजराती कोशात ‘मराठी’ म्हणून येणार नाहीत.

म्हणून मंडळासमोर एक साधी सूचना ठेवते. या सत्रात प्रत्येकाने आपल्या घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाबरोबर बसून बाजाराचे दहा शब्द लिहून आणावेत. शब्द, तो कुठे ऐकला, कोणाकडून घेतला, आणि तो वापरून एक पूर्ण वाक्य. भाज्यांची नावं, वजनं, भाव करायच्या पद्धती, शिव्यासुद्धा चालतील, संपादक काय त्या गाळतील. शक्य असेल त्यांनी एकदा चांपानेर दरवाज्यापासून गेंडीगेटपर्यंत चालत जावं आणि दुकानदारांनाही विचारावं. पुढच्या अंकासाठी ही यादी जमवायचं काम मी घेते. पहिले दहा शब्द आजीचे आहेत, सुरुवात ‘रिंगणां’पासून.